तीन कबरी, पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार : पॅरिस

"मामा, लोक पॅरिसला आले की पहिल्या दिवशी आयफेल टॉवर बघतात," भाची म्हणाली.

"आपणही बघणार आहोत की. क्लेमांसोच्या बागेतून."

तिनं कपाळाला हात लावला. तिचं तरी काय चुकलं? ती नाँतला शिकते, फ्रेंच फाडफाड बोलते, आणि मामा येणार म्हणून तिनं बोटीची सफर, लूव्र वगैरे सगळं ठरवून ठेवलं होतं. मामानं आल्या आल्या खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर फ्रान्सच्या तीन जुन्या पुढाऱ्यांची नावं होती : क्लेमांसो, द गॉल, पेताँ. तिघांच्या तीन कबरी, आणि त्यातली एकही पॅरिसमध्ये नाही.

खोड जुनी आहे. अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. व्हर्सायच्या तहावर गाळलेली जागा ठरलेली असायची : विल्सन, लॉइड जॉर्ज आणि कोण? एकानं एकदा 'क्लेमेंट सर' लिहिलं होतं, त्याला अर्धा मार्क दिला. त्या गाळलेल्या जागेतला माणूस कसा होता हे मात्र मलाही निवृत्त झाल्यावरच वाचायला सवड मिळाली. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. संकट आलं की हा देश म्हाताऱ्याच्या दारी जातो. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, पंतप्रधान झालेले क्लेमांसो 76 वर्षांचे, जर्मनीपुढे हार होताना 1940 मध्ये सत्तेवर आलेले पेताँ 84 वर्षांचे, अल्जीरियाचं प्रकरण चिघळल्यावर 1958 मध्ये पुन्हा बोलावलेले द गॉल 67 वर्षांचे. आम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ दिला.

क्लेमांसोंचं घर दुपारी दोनला उघडतं, म्हणून सकाळी आधी मोंमार्त्र रस्त्यावर गेलो. 31 जुलै 1914 च्या रात्री इथल्या एका कॅफेत समाजवादी नेते झाँ जोरेस जेवायला बसले होते. युद्ध टाळण्यासाठी त्यांची शेवटपर्यंत धडपड चालली होती. राऊल व्हिलँ नावाच्या तरुणानं उघड्या खिडकीतून गोळ्या झाडल्या. तीन दिवसांनी महायुद्ध फ्रान्सच्या दारात आलं. बाहेर एक पाटी आहे. तिच्याखाली लोक कॉफी पीत बसलेले, मान वर करून बघणारा मीच एकटा.

मराठी माणसानं इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. 8 जुलै 1910 ला सावरकरांनी मार्सेलच्या बंदरात बोटीतून उडी घेतली आणि फ्रेंच शिपायानं त्यांना धरून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं, तेव्हा या बेकायदा प्रकारावर आवाज उठवणाऱ्यांत जोरेस यांचं 'ल्युमानिते' हे वर्तमानपत्र होतं. त्या वेळी पंतप्रधान आरिस्तीद ब्रियाँ. फेब्रुवारी 1911 मध्ये हेगच्या लवादानं निकाल ब्रिटनच्या बाजूनं दिला. हेच ब्रियाँ पुढे 1915 ते 1917 मध्ये युद्धकाळातले पंतप्रधान झाले. पण चिठ्ठीवर त्यांचं नाव नाही, पुढे चला.

शाँझेलिझेवर क्लेमांसोंचा पुतळा आहे. वाऱ्यात उडणारा कोट, पायांना पट्ट्या, खंदकातून चालल्यासारखी ढांग. 1932 मध्ये तो घडवला फ्राँस्वा कोन्ये यांनी. याच शिल्पकारानं पुढे व्हिशी राजवटीसाठी, म्हणजे 1940 नंतर जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या पेताँच्याच सरकारसाठी, मार्शल पेताँचा अर्धपुतळा केला. कारागिराला गिऱ्हाईक निवडता येत नाही म्हणा, पण मनात राहतंच. समोरच्या बाजूला द गॉल, तेही ढांगा टाकत. जवळच, प्ती पॅलेच्या बाजूला चर्चिल. पेताँ अर्थातच कुठेही नाहीत.

दुपारी 8, रू फ्रँकलिन. तळमजल्यावरचं घर, भाड्याचं. पंतप्रधान होण्यापूर्वी, असताना आणि नंतरही हा माणूस इथेच राहिला आणि 24 नोव्हेंबर 1929 ला इथेच गेला. घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रचंड मेज, त्यावर बसून ते हंसाच्या पिसाच्या लेखणीनं लिहीत. मागे छोटी बाग, आणि बागेतून, भाचीच्या समाधानासाठी, आयफेल टॉवर. शेजारी जेझुइट पाद्र्यांची शाळा होती. तिथलं एक झाड यांच्या खिडकीवर सावली धरायचं. पाद्रीबुवांनी ते तोडलं, तेव्हा या कट्टर नास्तिकानं त्यांना चिठ्ठी पाठवली म्हणे : आता मी तुम्हाला बेलाशक 'फादर' म्हणू शकतो, कारण तुम्ही मला उजेड दिलात. फ्रेंचमध्ये 'उजेड देणं' म्हणजेच 'जन्म देणं'. तिकडून उत्तर आलं : आणि मी तुला 'बेटा' म्हणू शकतो, कारण मी तुझ्यासाठी आकाश मोकळं केलं. तिथेही आकाश आणि स्वर्ग एकच शब्द. खरं-खोटं देव जाणे, पण भाचीला हे भारी आवडलं.

19 फेब्रुवारी 1919 ला सकाळी याच घरातून निघालेली त्यांची मोटार कोपऱ्यावर वळत असताना एमिल कोतँ या अराजकवाद्यानं गोळ्या झाडल्या. एक गोळी आत राहिली ती कायमची. म्हातारा दहाएक दिवसांत कामावर हजर. वर नेमबाजीवरच भडकला : युद्ध जिंकलेल्या देशाच्या माणसाचे इतक्या जवळून इतके नेम चुकतात! कोतँला मार्चमध्ये फाशीची शिक्षा झाली, ती क्लेमांसोंनीच कमी करवून दहा वर्षांवर आणली. त्याच मार्चच्या 29 तारखेला, पाच वर्षं खोळंबलेल्या खटल्यात, जोरेस यांचा खुनी व्हिलँ निर्दोष सुटला आणि खटल्याचा खर्च जोरेस यांच्या पत्नीवर लादला गेला. गोळी लागून जगलेल्याचा मारेकरी दोषी, गोळी लागून मेलेल्याचा निर्दोष. वर्गात हे दोन निकाल शेजारी शेजारी फळ्यावर लिहायला हवे होते, राहून गेलं.

दुसरा दिवस, शनिवार : कोलोंबे

गार द लेस्ट स्टेशनवरून गाडी. दोन तासांहून थोड्या जास्त वेळात बार-स्यूर-ओब. स्टेशनाबाहेर चिटपाखरू नाही. भाचीनं तीन ठिकाणी फोन केले तेव्हा कुठे टॅक्सी मिळाली, आणि तिच्या भाड्यात आमच्याकडे सातारा-पुणे दोनदा झालं असतं.

कोलोंबे-ले-द्यो-एग्लीज हे खरंच खेडं आहे. 'ला ब्वासरी' हे घर द गॉलनी 1934 मध्ये घेतलं, तेही हप्त्यानं : म्हातारी मालकीण जिवंत असेपर्यंत तिला ठरावीक रक्कम द्यायची, अशी तिकडची एक पद्धत आहे. घेण्यामागे मोठं कारण धाकटी मुलगी आन. ती डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. लष्करी नोकरीतल्या बदल्यांपासून आणि लोकांच्या नजरांपासून दूर, मोठ्या बागेचं घर हवं होतं. तळमजलाच बघायला मिळतो. कोपऱ्यातल्या बुरुजासारख्या खोलीत लिहिण्याचं मेज आहे आणि खिडक्यांतून नुसती शेतं आणि जंगल, दुसरं घर म्हणून दिसत नाही. या घरात रात्रीच्या मुक्कामाला राहिलेला परदेशी पुढारी एकच, जर्मनीचे आडेनाउअर, सप्टेंबर 1958 मध्ये. 9 नोव्हेंबर 1970 च्या संध्याकाळी सातच्या सुमारास द गॉल पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडून बसले होते, तेव्हाच ते गेले.

टेकडीवर गुलाबी ग्रॅनाइटचा लोरेनचा क्रूस आहे, जर्मनांविरुद्धच्या द गॉलच्या प्रतिकार चळवळीची खूण, 44 मीटरहून उंच. 18 जून 1972 ला त्याचं अनावरण झालं. असं काही उभारलं तर बघायला येणार कोण, फार तर ससे प्रतिकाराला उठतील, असं ते स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. खालचं स्मारक-संग्रहालय चांगलं आहे, पण मी तिथे पाय ओढतच चाललो. माझं लक्ष चर्चच्या आवाराकडे.

कबर शोधावी लागत नाही, पण दुरून उठूनही दिसत नाही. गावच्या इतर कबरींसारखीच पांढऱ्या दगडाची. 'शार्ल द गॉल, 1890–1970'. जनरल नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. खाली पत्नी इव्होन, शेजारी आन, 1928–1948. तिला पुरून परतताना ते पत्नीला म्हणाले होते : आता ती इतरांसारखी झाली. हे मी भाचीला मराठीत सांगायला गेलो आणि माझाच आवाज अडकला. आमच्या वाड्यातही एक होता, सगळे त्याला 'बाळ' म्हणायचे, पन्नाशीचा झाला तरी बाळच. असो.

1952 च्या जानेवारीतच त्यांनी लिहून ठेवलं होतं : अंत्यविधी कोलोंबेत होईल, राष्ट्राध्यक्ष नको, मंत्री नको, भाषणं नको, कबरीवर नाव आणि सालं बस. त्यामुळे 12 नोव्हेंबर 1970 ला निक्सनसकट जगभरचे पुढारी पॅरिसला नोत्रदाममध्ये जमले, आणि शवपेटी मात्र इथे, लष्करी गाडीवरून आणून गावच्या पोरांनी खांद्यावर घेतलेली.

परतीच्या गाडीत भाचीनं विचारलं, "पण पेताँ आणि हे एकमेकांना ओळखायचे का?" ओळखायचे? 1912 मध्ये कोवळे द गॉल आरासच्या 33 व्या पायदळ पलटणीत रुजू झाले, तेव्हा कर्नल होते पेताँ. मार्च 1916 मध्ये व्हर्दंच्या लढाईत द गॉल दुओमाँला जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले. मेले असं समजून पेताँनी त्यांच्या शौर्याची नोंद केली. पुढे द गॉल पेताँच्या हाताखाली लिखाण करून द्यायचे, त्यावरूनच बिनसलं. जून 1940 मध्ये पेताँनी जर्मनांशी तह मागितला, द गॉल लंडनला गेले. त्या ऑगस्टमध्ये व्हिशीच्या लष्करी न्यायालयानं द गॉलना गैरहजेरीत देहदंड सुनावला. पाच वर्षांनी, ऑगस्ट 1945 मध्ये, पेताँना देहदंड झाला आणि तो जन्मठेपेवर आणणाऱ्या हुकमावर सही होती द गॉलची.

"म्हणजे गुरू-शिष्य," भाची म्हणाली.

"आपल्याकडे असं झालं असतं तर चार नाटकं आली असती."

तिसरा दिवस, रविवार : नाँत

प्रवास, कपडे धुणं, झोप. संध्याकाळी भाचीनं ट्रामनं फिरवलं. क्लेमांसो ज्या शाळेत शिकले, तिला आता त्यांचंच नाव आहे.

ट्राम ज्या रुंद रस्त्यानं जाते त्याचं नाव 'पन्नास ओलिसांचा रस्ता'. ती रोज या रस्त्यानं कॉलेजला जाते, नावाचा विचार कधी केला नव्हता. ऑक्टोबर 1941 मध्ये इथल्या जर्मन कमांडंटला प्रतिकारकांनी गोळी घातली. सूड म्हणून 22 तारखेला जर्मनांनी 48 ओलिसांना गोळ्या घातल्या. त्यात 17 वर्षांचा गी मोके होता. ओलीस निवडण्यात व्हिशीच्या गृहमंत्र्याचा हात होता. आपण स्वतःच ओलीस म्हणून जर्मनांपुढे जावं, असं पेताँच्या मनात आलं होतं म्हणतात. मंत्र्यांनी समजूत घातली, त्यांना ती पटली. "पटली?" भाचीनं विचारलं. पुढचे दोन थांबे ती गप्प होती.

चौथा दिवस, सोमवार : मुशाँ

मोटार भाड्यानं घेतली, भाची चालवणार. मी उजव्या बाजूला बसून पाय दाबत राहिलो, ब्रेक नसताना.

व्हाँदे हा भाग म्हणजे राजा आणि चर्च यांचा बालेकिल्ला. 1793 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केलं आणि ते भयानक रक्तपातानं मोडलं गेलं. अशा मुलखात क्लेमांसोंचं घराणं 'निळ्यांचं', म्हणजे प्रजासत्ताकवाल्यांचं. वडील डॉक्टर, देव न मानणारे, 1858 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पोलिसांनी त्यांना उचललं होतं. पोरगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. पुढचा सगळा क्लेमांसो तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं.

मुशाँ गावाबाहेर 'ल कोलोंबिए' नावाची वाडी आहे. कोलोंबिए म्हणजे कबुतरखाना. परवाचं कोलोंबे, आजचं कोलोंबिए. गाडी लावून पायवाटेनं उतरलो. झाडी दाट, खाली ओढा वाहतो त्याचा आवाज, वाटेवर ओला पाला. आणि मग एक लोखंडी कठडा. आत दोन चौकोन, गवत, पानं. नाव नाही, साल नाही, क्रूस तर नाहीच. जवळ ग्रीक देवतेचं एक शिल्प आहे, तेवढंच. एका चौकोनात वडील, दुसऱ्यात मुलगा.

मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं होतं : मिरवणूक नको, निमंत्रण नको, विधी नको, खड्ड्याभोवती फक्त लोखंडी कठडा, नाव न घालता, वडिलांसारखाच. आणि पेटीत ठेवायच्या वस्तूंची यादी : तरुणपणातली लोखंडी मुठीची काठी, बकरीच्या कातड्यानं मढवलेली डबी, तिच्यात आईनं ठेवलेलं छोटं पुस्तक, आणि सुकलेल्या फुलांचे दोन गुच्छ. ही फुलं 1918 च्या उन्हाळ्यात आघाडीवरच्या सैनिकांनी दिलेली, शाँपेनच्या धुळीनं माखलेली. ती तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यात ठेवायची होती.

'देशात धोरण? मी युद्ध करतो. परराष्ट्र धोरण? मी युद्ध करतो,' असं मार्च 1918 मध्ये संसदेत बोलणारा माणूस दर आठवड्याला खंदकांत जाऊन चिखलात उभा राहायचा. पोरं त्याला जीव लावायची. संसदेनं लावला नाही. जानेवारी 1920 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडीत त्यांना डावलून देशानेल यांना निवडलं. हे देशानेल त्याच मे महिन्यात रात्री झोपेच्या कपड्यांत धावत्या आगगाडीतून खाली पडले आणि चालत चालत एका फाटकवाल्याच्या घरी गेले. क्लेमांसो तोवर राजकारण सोडून मोकळे झाले होते. 1920-21 मध्ये ते आपल्याकडे आले, काशी पाहून हरखले आणि ग्वाल्हेरच्या, म्हणजे शिंद्यांच्या, जंगलात वाघाच्या शिकारीला गेले. फ्रान्समध्ये त्यांचं टोपणनाव 'वाघ'. ग्वाल्हेरच्या हाकेवाल्यांना हे कुणी सांगितलं असेल का, कोण जाणे.

कठड्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. भाचीनं फोटो काढला, बघितला, पुसून टाकला. "यात काहीच दिसत नाही मामा, नुसतं गवत."

दुपारी त्यांच्या जन्मगावी, मूयेराँला. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले सेनापती द लात्र द तासिन्यी, ज्यांनी मे 1945 मध्ये बर्लिनला फ्रान्सच्या वतीनं जर्मन शरणागतीवर सही केली, तेही याच एवढ्याशा गावचे. एकुलता मुलगा बेर्नार 1951 मध्ये इंडोचायनात लढताना पडला, बाप पुढच्या जानेवारीत गेला. दोघं शेजारी शेजारी.

जेवणात 'मोजेत' मिळाल्या. पांढऱ्या घेवड्याचे दाणे मऊ शिजवलेले, भाजलेल्या पावावर लोणी-लसूण लावून वर घालायचे. हॅम नको म्हटल्यावर मालकिणीनं माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. चिरलेली मिरची असती तर मी तिसरी प्लेट मागवली असती.

पाचवा दिवस, मंगळवार : इल द्यू

बेटावर जायला फ्रोमाँतीनच्या धक्क्यावरून बोट. वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. आम्ही परतीचं तिकीट आधी काढलं नव्हतं आणि संध्याकाळची बोट भरलेली निघाली. खिडकीवरच्या बाईंनी खांदे उडवले, भाचीनं तिच्या उत्तम फ्रेंचमध्ये दहा मिनिटं वाद घातला आणि रात्रीच्या बोटीच्या दोन जागा मिळवल्या. मी मनात म्हटलं, सांगलीची पोर.

पोर-झ्वाँव्हील हे बंदर ट्यूना मासळीवर वाढलेलं. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, भाड्याच्या सायकली. मी चाळीस वर्षांनी सायकलवर बसलो. पिएर-लव्हे किल्ल्यापर्यंत चढ आहे, तो ढकलत काढला.

नोव्हेंबर 1945 पासून पेताँ या किल्ल्यात कैदी होते. शेवटी शेवटी भ्रम झाला होता. जून 1951 मध्ये त्यांना गावातल्या एका घरात हलवलं, 23 जुलैला ते गेले, 95 वर्षांचे होऊन. व्हर्दंचा विजेता म्हणून ज्याला 1916 नंतर सगळा फ्रान्स डोक्यावर घेऊन नाचला, 1917 ची सैन्यातली बंडाळी ज्यानं रजा आणि जेवण सुधारून आणि थोड्यांना गोळ्या घालून शमवली, तोच हा माणूस. 10 जुलै 1940 ला व्हिशीत 569 विरुद्ध 80 मतांनी संसदेनं त्यांच्या हाती सगळी सत्ता दिली. ऑक्टोबरमध्ये ज्यूंविरुद्धचा कायदा आला. त्याचा मसुदा 2010 मध्ये उजेडात आला तेव्हा दिसलं, की पेताँनी स्वतःच्या हातानं तो आणखी कडक केला होता. जुलै 1942 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत 13 हजारांहून अधिक ज्यू धरले, त्यात चार हजारांवर मुलं. 'म्हातारा होता, त्याला काय कळत होतं' असं अजूनही ऐकू येतं. पेन्सिल धरण्याइतकं कळत होतं.

दफनभूमीत पांढरी फरशी : 'फिलीप पेताँ, फ्रान्सचा मार्शल'. तिघांत पदवी लावलेला हा एकटाच. त्यांना व्हर्दंजवळ दुओमाँला, आपल्या सैनिकांमध्ये पुरून घ्यायचं होतं. ते कुणीच होऊ दिलं नाही. फेब्रुवारी 1973 मध्ये काही भक्तांनी रात्री कबर फोडून शवपेटी गाडीत घातली, बोटीनं मुख्य भूमीवर नेली. दुओमाँपर्यंत पोचलीच नाही, पॅरिसजवळ सँ-वाँच्या एका गॅरेजात सापडली. तीन दिवसांत पेटी परत इथे. फुलं मात्र सरकारी यायची : 1968 मध्ये द गॉलनी पाठवली, आणि 1987 ते 1992 राष्ट्राध्यक्ष मितराँनी दर 11 नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी. ओरड झाली तेव्हा थांबली.

आम्ही उभे होतो तिथून थोड्या अंतरावर एक आजी झारीनं कुंड्यांना पाणी घालत होत्या. मनगट दुखतं म्हणून त्यांनी भाचीला नळावरून झारी भरून आणायला सांगितली. कुणाची कबर, तिनं विचारलं. वडिलांची. ट्यूनाच्या बोटीवर होते. "आत कोणी नाही," आजी म्हणाल्या, "समुद्रानं दिलं नाही परत." फरशीवर नाव, दोन तारखा आणि चिनी मातीची फुलं.

भाचीनं तीन झाऱ्या आणल्या. तिसरीत पाणी उरलं. मार्शलच्या फरशीवर कुणीतरी ठेवलेली कुंडी सुकत आली होती. तिकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "तिथे घालू का?"

आजींनी झारी तिच्या हातातून घेतली. उरलेलं पाणी शेजारच्या कबरीवर, कुण्या दुसऱ्याच मच्छीमाराच्या, ओतलं.

"त्याच्यावर पाऊस पडतो," त्या म्हणाल्या.

बोटीला चार तास होते. बंदरावर आलुबुखाराचा टार्ट घेतला, इथली खासियत. अर्धा खाल्ला, अर्धा भाचीनं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.